क्लिक आणि खटका

अण्णांना अखेर कानाचं मशीन बसवलं. (ज्या ज्या नातेवाइकांनी "झालं का, झालं का" म्हणून फोन करून आमचं डोकं खाल्लं होतं, त्यांच्यासाठी ही अधिकृत बातमी!)

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णांनी सवयीनं हॉलमधलं बटण दाबलं आणि बोट तसंच बटणावर ठेवून उभे राहिले. मग दिवा बंद केला. परत लावला. परत बंद केला.

"अहो, काय चाललंय?" आई म्हणाली.

"खटक्याला आवाज असतो, हे मी विसरलोच होतो," अण्णा म्हणाले.

"आजोबा, त्याला क्लिक म्हणतात," इति आमच्या कन्यारत्न.

"क्लिक वेगळं आणि खटका वेगळा. तेहेतीस वर्षं क्लिक ऐकून पोट भरलंय मी. मला नको सांगूस."

जेवताना यावर आजोबा-नातीचा वाद रंगला. मी त्यात पडलो नाही, पण 'क्लिक वेगळं आणि खटका वेगळा' हे वाक्य डोक्यातून जाईना. आवाज तर एकच. मग एकानं त्यातून एक शब्द काढला आणि दुसऱ्यानं दुसरा, एवढाच फरक? की अण्णा म्हणतात त्यात काही आहे? गेले दोन-तीन आठवडे मिळेल ते वाचतो आहे. त्यातलं जे हाती लागलं ते इथे मांडतो.

इंग्रजीच्या मानानं 'क्लिक' हा शब्द काही फार पुराणा नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीला, म्हणजे शेक्सपिअर तरुण होता त्या सुमारास, तो लिखाणात दिसू लागतो. तो कुठल्या लॅटिन धातूपासून वगैरे आलेला नाही. कानावर पडलेला आवाज तोंडानं काढून दाखवला, इतकीच त्याची कुळकथा. आपल्याकडे जसं 'खुट्ट', 'खट्ट', 'टक्', 'कट्' तसंच. त्यातही एक गंमत आहे. 'क्लिक' म्हणजे छोटा आवाज, 'क्लॅक' म्हणजे त्याहून मोठा आणि 'क्लँक' म्हणजे चांगला दणदणीत, लोखंडी. स्वर बदलला की वस्तू मोठी होते. आपल्या 'खुट्ट' आणि 'खट्ट'मध्येही हेच नाही का? रात्री खुट्ट झालं तर उंदीर असतो. खट्ट झालं तर उठून बघावं लागतं. (आणि हो, घड्याळाच्या 'क्लॉक'चा याच्याशी काही संबंध नाही. तो शब्द घंटेवरून आला. मीही इतकी वर्षं दोघांना भाऊ समजत होतो.)

शेजारच्या भाषांतही हा आवाज आहे, पण तिथे त्याचे रंग वेगळे. डच भाषेत 'क्लिकन' म्हणजे चहाडी करणे! वर्गात जो मुलगा बाईंना नावं सांगतो, तो 'क्लिक' करतो. फ्रेंचमध्ये आवाज करणे या अर्थाचं 'क्लिके' हे जुनं क्रियापद होतं, आणि टोळकं, कंपू या अर्थाचा 'क्लीक' शब्द बहुतेक त्यातूनच निघाला असं मानतात. आपलं चंबूगबाळं आवरून चालतं होण्याला फ्रेंच माणूस 'आपले क्लिक आणि आपले क्लॅक घेऊन निघाला' असं म्हणतो. म्हणजे आवाज तोच, पण कुठे चहाडी, कुठे कंपू, कुठे चंबूगबाळं.

इंग्रज माणसाला हा आवाज पूर्वी कुठे कुठे ऐकू येत होता, ते पाहिलं की शब्दाचे पुढचे अर्थ उलगडतात. एक म्हणजे दाराच्या कडीचा, कुलपाचा. कडी खोबणीत पडली की क्लिक. दुसरा म्हणजे घड्याळाचा. चावीच्या घड्याळात चावी देताना जी करकर ऐकू येते, ती एका छोट्या दातेरी चाकावर अडकत जाणाऱ्या खिट्टीची असते. स्प्रिंग गुंडाळली जावी, पण उलटी सुटून जाऊ नये म्हणून ती खिट्टी असते. इंग्रज घड्याळजी त्या खिट्टीलाच 'क्लिक' म्हणतात. आवाजाचं नाव वस्तूला मिळालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग माणसं आली. जॉन्सनच्या १७५५च्या प्रसिद्ध कोशात 'क्लिकर' आहे, पण तो म्हणजे दुकानाच्या दारात उभं राहून गिऱ्हाइकांना आत बोलावणारा नोकर. (आपल्या लक्ष्मी रोडवर "या ताई, आत या" म्हणत उभे असतात ना, तेच!) पुढे चपला-बुटांच्या धंद्यात, विशेषतः नॉर्थॅम्प्टनसारख्या गावात, बुटाच्या वरच्या भागाचं चामडं कापणारा कारागीर 'क्लिकर' झाला. चामड्यातला डाग आणि ताण ओळखून कमीत कमी वाया जाईल असं कापायचं, म्हणून कारखान्यात त्याचा मान मोठा. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांच्या गटाचा जो म्होरक्या मजकूर वाटून द्यायचा, तोही 'क्लिकर'च. कॉम्प्युटर जन्माला यायच्या कितीतरी आधी इंग्लंडात क्लिक करून पोट भरणारी माणसं होती.

आता थोडं आफ्रिकेकडे जावं लागेल, कारण 'क्लिक'चा एक अर्थ तिथेच घडला.

एखाद्याची वाईट बातमी कळली की आपण जीभ दातांमागे लावून 'च्च, च्च' असा आवाज काढतो. त्यालाच आपण चुकचुकणे म्हणतो. बैलगाडीवाला गालाच्या बाजूनं जीभ सोडवत 'ट्ल्यक्' असा आवाज काढून बैलांना हाकतो. आणि लहान मुलाला घोड्याच्या टापा ऐकवायच्या तर जीभ टाळूला चिकटवून 'टॉक टॉक' करतो. हे तीन आवाज आपल्याला येतात, पण त्यांना आपण शब्दांत घेत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा आणि झुलू भाषांत मात्र ही सरळ व्यंजनं आहेत, आपल्या क, च, ट सारखी. रोमन लिपीत लिहिताना पहिल्यासाठी 'सी', दुसऱ्यासाठी 'एक्स' आणि तिसऱ्यासाठी 'क्यू' हे अक्षर वापरतात. 'खोसा' या नावाचा पहिला वर्णदेखील मुळात 'ख' नाही. तो बैलगाडीवाल्याचा आवाज आहे. भाषाशास्त्रात या व्यंजनांचं नावच 'क्लिक'.

खोसा आणि झुलू लोकांनी हे आवाज शेजारच्या खोइखोइ आणि सान लोकांच्या भाषांतून घेतले. कसे घेतले याबद्दल अभ्यासकांचं एक मत वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. या समाजांत अशी रीत होती की लग्न होऊन आलेल्या सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नावच काय, त्या नावातले वर्णसुद्धा उच्चारायचे नाहीत. मग रोजच्या शब्दांत ते वर्ण आले की त्यांच्या जागी दुसरा काहीतरी आवाज घालायचा, आणि त्यासाठी शेजारच्या भाषेतल्या या क्लिका उपयोगी पडल्या. आमच्या आजीनं जन्मभर आजोबांचं नाव घेतलं नाही. गणपतीत आजोबांच्या नावाचा देव आला तरी आरतीतला तेवढा शब्द गाळून पुढे जायची. एखाद्या भाषेत नवी व्यंजनं येण्यामागे सुनांची अशी गळचेपी असू शकते, हे काही कधी मनात आलं नव्हतं.

१६५२ मध्ये केपला डच वसाहत झाली. त्या लोकांना खोइखोइ माणसांचं बोलणं म्हणजे नुसती कटकट वाटली आणि त्यांनी त्यांना जे नाव ठेवलं, ते त्या बोलण्याची नक्कल करणारं होतं असं बऱ्याच जणांचं मत आहे. आज ते नाव शिवी समजलं जातं. आपल्याला न कळणाऱ्या भाषेला आवाज समजायचं, ही खोड जुनीच आहे. ग्रीकांनीही परक्यांच्या बोलण्याला 'बर् बर्' म्हणून हिणवत त्यांना 'बार्बारोस' केलं होतं. पुढे १९६०च्या सुमारास मिरियम मकेबा ही गायिका खोसा भाषेतलं लग्नातलं एक गाणं गाऊन जगप्रसिद्ध झाली. गाणं टकटक करणाऱ्या एका भुंग्याबद्दलचं, त्या भुंग्याचं नावही आवाजावरूनच पडलेलं. बाहेरच्यांना त्या नावाचा उच्चार जमेना, म्हणून त्यांनी त्याचं नाव 'क्लिक साँग' असं ठेवलं. तिच्या लेखी तो भुंगा होता. ऐकणाऱ्यांना फक्त क्लिक ऐकू आला.

इथे मला अण्णा आठवले. कारण क्लिक ऐकणं आणि क्लिकमधलं ऐकणं यातला फरक मी घरातच पाहिला आहे.

अण्णा तारमास्तर. नातेवाइकांना सांगायला नकोच, पण इतर वाचकांसाठी सांगतो. तालुक्याच्या गावी आमचं क्वार्टर तार ऑफिसच्या मागेच होतं आणि आमच्या लहानपणाला पार्श्वसंगीत होतं ते 'कड कट्ट, कट्ट कड' याचं. मोर्सनं १८४४ मध्ये वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिली प्रसिद्ध तार पाठवली, तेव्हा पलीकडचं यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवत असे आणि माणूस त्या वाचत असे. आवाज हा केवळ यंत्राचा खडखडाट होता. पण दिवसभर तिथे बसणाऱ्या पोरांच्या कानाला त्याची सवय झाली आणि पट्टी न बघताच ती मजकूर सांगायला लागली. सुरुवातीला वरिष्ठांना हे पसंत नव्हतं, कागदावर पुरावा हवा. पण कान कागदापेक्षा जलद निघाला. मग काही वर्षांत पट्टी गेली आणि फक्त आवाज करणारं 'साउंडर' नावाचं यंत्र आलं. आवाज मोठा यावा म्हणून अमेरिकेतले तारवाले त्याच्यामागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा उभा करून ठेवत!

एक गोष्ट अण्णांनी मला फार पूर्वी समजावली होती. साउंडरमध्ये 'कड' आणि 'कट्ट' असे दोन वेगळे सूर नसतात. पट्टी खाली आली की एक क्लिक, वर गेली की दुसरा. दोन क्लिकमधली फट लहान असेल तर टिंब, मोठी असेल तर रेघ. म्हणजे अक्षर आवाजात नसतंच, ते मधल्या शांततेत असतं. मी तेव्हा सातवीत असेन. मला काही कळलं नव्हतं.

आपल्याकडे विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरानं १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. १८५४ पर्यंत तारा मुंबईला पोहोचल्या आणि १८५५ मध्ये ही सोय सर्वसामान्यांना खुली झाली. ती बंद झाली १४ जुलै २०१३ च्या रात्री. रविवार होता. अण्णा सकाळीच तार ऑफिसात जाऊन रांगेत उभे राहिले. शेवटची तार पाठवायला पोरंटोरं, कॅमेरेवाले, सगळ्यांची गर्दी. अण्णांनी आईच्या नावानं आमच्याच पत्त्यावर तार केली. (मजकूर आई कोणाला दाखवत नाही.) घरी आले ते गप्प. रात्री म्हणाले, "काउंटरवरच्या पोरीनं कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि माऊसवर एकदा टिक् केलं. एकदाच. झाली तार."

खरं तर माऊसशी त्यांचं वैर त्याआधीचं. १९९९ मध्ये मी घरी पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा ते पाच मिनिटं शेजारी बसले, ऐकलं, आणि उठताना म्हणाले, "याचा आवाज नुसताच आहे. सांगत काही नाही."

माऊसबद्दल वाचलं तेव्हा कळलं, की तो आवाज अगदीच नुसता नाही. डग्लस एंगलबर्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशनं १९६४ मध्ये लाकडी ठोकळ्याचा पहिला माऊस बनवला आणि ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबर्टनं तो जगाला दाखवला. त्याच्या बटणाखाली एक पातळ, स्प्रिंगसारखी धातूची पट्टी असते. ती दाबली की काही वेळ सहन करते आणि मग एकदम पलटी खाते. विजेचा संपर्क झटकन आणि पक्का व्हावा म्हणून ही व्यवस्था. ती पलटी म्हणजेच क्लिक. पुढे १९८३च्या 'लिसा' आणि १९८४च्या 'मॅकिंटॉश' या ॲपलच्या यंत्रांमुळे हा आवाज घराघरांत शिरला, आणि 'क्लिक' हे आवाजाचं नाव न राहता कामाचं नाव झालं. 'इथे क्लिक करा' असं लिहिलेलं असतं, तेव्हा आवाज करा असं कोणी म्हणत नसतं.

कॅमेऱ्याचं त्याही आधी तसंच झालं होतं. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमननं कोडॅकचा डबा आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. लोकांनी फक्त बटण दाबायचं, बाकीचं कंपनी बघेल, अशी जाहिरात. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला. तोवर फोटो 'काढायचा' असे, त्याला तयारी लागे. मग तो 'क्लिक' करायचा झाला. आज मोबाइलमध्ये हलणारी झडप नाही. तरी फोटो काढताना खच्च असा आवाज येतो, तो रेकॉर्ड केलेला असतो. दक्षिण कोरियात तर २००४ मध्ये असा दंडक आला, की हा आवाज बंद करता येता कामा नये, कारण चोरून फोटो काढण्याचे प्रकार वाढले होते. जपानमध्ये कंपन्यांनी आपण होऊनच ते केलं. म्हणजे जो आवाज यंत्राची अडचण म्हणून जन्माला आला, तो आता पहारेकरी आहे.

असे पोरके आवाज आपल्याभोवती पुष्कळ आहेत. गाडीचा इंडिकेटर पूर्वी रिलेच्या पट्टीमुळे टिकटिक करायचा, नव्या बऱ्याच गाड्यांत ती टिकटिक स्पीकरमधून येते. २०१५ नंतरच्या ॲपलच्या बऱ्याच लॅपटॉपचा टचपॅड खरं तर खाली जातच नाही, आतून थरथरून तो क्लिक झाल्याचा भास देतो. लॅपटॉप बंद करून दाबून पाहा, काचेवर बोट टेकल्यासारखं वाटेल. यंत्रं गेली, आवाज राहिले. आवाज जातील तेव्हा शब्द राहील.

आता क्लिकचे मनातले अर्थ. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत एखाद्या मुलीशी जमलं की 'क्लिक झालं' म्हणायला लागले. पुढे कोणाशीही सूर जुळला की क्लिक. नाटक-सिनेमा चालला तरी क्लिक. आणि बराच वेळ न कळलेली गोष्ट अचानक कळली, की तेही क्लिक. हे सगळे अर्थ मला त्या कडीतून आणि घड्याळाच्या खिट्टीतून आलेले दिसतात. दोन वस्तू एकमेकींत नेमक्या बसल्या आणि आता सुटणार नाहीत, याची खूण म्हणजे तो आवाज. इंग्रजांनी त्यातून 'जुळणं' उचललं.

आणि आपण? आपणही त्याच आवाजातून 'खटका' केला. आधी आवाज, मग तो आवाज करणारी वस्तू: दिव्याचं बटण, बंदुकीचा घोडा, पिंजऱ्याची चाप. घड्याळाच्या 'क्लिक'सारखंच. पण मनात शिरताना आपला शब्द नेमका उलट्या वाटेनं गेला. खटके उडतात ते भांडण झाल्यावर. काही खटकतं ते जुळत नाही म्हणून. चुकचुकण्याचंही तेच: हळहळ असते नाहीतर शंकेची पाल. एक फक्त गाण्यातला खटका तेवढा गोड. तिथे स्वराला दिलेला झटका दाद घेऊन जातो. बाकी सगळीकडे इंग्रजाला जो आवाज कडी बसल्याचा वाटला, तो आपल्याला चाप सुटल्याचा वाटला.

यावरून ६ जून १९४४ ची गोष्ट आठवते. नॉर्मंडीत रात्रीच्या अंधारात उतरणाऱ्या अमेरिकेच्या १०१व्या हवाई डिव्हिजनच्या सैनिकांना पितळेचं एक खेळणं दिलं होतं. दाबलं की टिक्-टॅक. बर्मिंगहॅमच्या शिट्ट्या करणाऱ्या कारखान्यात ते बनले होते आणि सैनिक त्याला 'क्रिकेट', म्हणजे रातकिडा, म्हणत. अंधारात चाहूल लागली की एकदा दाबायचं. पलीकडून दोनदा उत्तर आलं तर आपला माणूस. 'द लाँगेस्ट डे' या १९६२च्या सिनेमात एक सैनिक असंच एकदा दाबतो, पलीकडून दोन क्लिक ऐकू येतात, तो हायसं वाटून उभा राहतो आणि गोळी खातो. ते दोन क्लिक जर्मन रायफलच्या खटक्याचे असतात.

अण्णांचं वाक्य मला हे दृश्य आठवलं तेव्हा पुरतं कळलं. क्लिक वेगळं आणि खटका वेगळा. आवाज एकच, पण पलीकडे कोण आहे यावर शब्द ठरतो.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. गेली दोन वर्षं आमच्या घरात फार खटके उडत होते. आई विचारायची, "चहा घेता का?" अण्णा म्हणायचे, "दहा कधीच वाजून गेले." आधी आम्ही हसायचो. मग टीव्हीचा आवाज वाढत गेला, तसे आमचेही. अण्णा म्हणायचे, तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता. मला वाटायचं, म्हातारपणी स्वभाव हेकट झालाय. एकदा मी चिडून म्हणालो, "तुम्हाला ऐकायचंच नसतं." ते काही बोलले नाहीत. हे वाक्यही ऐकू गेलं नसेल असं मी तेव्हा मनाचं समाधान करून घेतलं. पण ते मी ओरडून बोललो होतो.

मग गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी माझ्या किल्लीनं दार उघडून आत आलो. आमचं लॅच जुनं आहे, चांगलं खणखणीत वाजतं. अण्णा दाराकडे पाठ करून पेपर वाचत होते. ते हललेही नाहीत. मी दार मुद्दाम परत लावलं. खट्ट. तरी नाही.

कॉलेजात असताना मी रात्री कितीही हळू कडी काढली, तरी आतून "आलास का?" असा आवाज यायचा. दोन मैलांवरच्या स्टेशनची तार ज्यांनी डोळे मिटून लिहून घेतली, ते अण्णा तीन हातांवरच्या कडीला पाठ करून बसले होते. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे झालं, त्याला मराठीत 'ट्यूब पेटली' म्हणतात. पण ते क्लिकच होतं. दोन वर्षं जे मला खटकत होतं, ते एका आवाजानं, किंवा खरं तर तो आवाज न ऐकला गेल्यानं, जागेवर बसलं. ते हेकट नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हतं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. वयानं कान जातो तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. क, च, त, स असली व्यंजनं तिथे असतात. आ, ई, ओ हे स्वर खाली असतात, ते राहतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. 'चहा'मधला च गेला की मागे नुसता 'अहा' राहतो. त्यापुढे मग आपल्या मनानं एखादं अक्षर लावायचं. आणि कडीचा, बटणाचा, माऊसचा क्लिक हा तर नुसता वरच्या पट्टीचाच आवाज. तो सगळ्यांच्या आधी निघून गेला होता, अण्णांना न सांगता.

मशीन घ्यायला मात्र त्यांनी पुढे आठ महिने लावले. "माझ्या कानांना मशीन?" एवढंच म्हणायचे. मी यावेळी चिडलो नाही. ज्या कानांनी घर चालवलं, त्यांचा राजीनामा लिहून द्यायला वेळ लागणारच.

आता घरात शांतता आहे. म्हणजे आवाज आहेत, पण खटके नाहीत. पहिले चार दिवस अण्णा पेपरच्या चुरचुरीनं आणि भांड्यांच्या आवाजानं वैतागले. मग सवय झाली. परवा मी आतल्या खोलीत याच लेखासाठी वाचत बसलो होतो. मध्येच उठून पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात कन्या माझ्या जागेवर बसली. बाहेरून अण्णा आईला म्हणाले, "आता छोटी बसली बघ कॉम्प्युटरवर."

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तुझा हात जड आहे. दोन क्लिकच्या मधे थांबतोस. ती थांबत नाही."

तारवाल्यांमध्ये हे जुनंच कसब आहे. पलीकडे कोण बसलंय हे त्यांना हातावरून ओळखू येतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश ऐकणारे जर्मन तारवाल्यांना असंच ओळखायचे; संदेश सांकेतिक असला तरी हात लपत नसे. मला हे पुस्तकातून माहीत होतं. आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून पहिल्यांदाच पटलं.

"मग, सांगतो ना माऊस काहीतरी?" मी विचारलं.

"माऊस नाही सांगत," अण्णा म्हणाले. "मधली फट सांगते."

असो. बरंच लांबलं. आता एकदाच माऊस दाबायचा आणि हे तुमच्यापर्यंत पोचवायचं. दार उघडंच आहे, बाहेर ऐकू जाईल. मग हाक येईल, "झालं का रे लिहून?"